वाचकांचे प्रश्न : शुश्रूषागृहातील सेवा कशी पारखावी?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. रुग्णालयातून सोडले असले तरी उजवी बाजू लुळी आहे व बोलणे अडखळते. आम्ही दोघेही नोकरी करतो. इंदुरातील दोन शुश्रूषा व पुनर्वसन केंद्रे आम्ही पाहून आलो. एक नवे, वातानुकूलित व चकचकीत आहे, तर दुसरे जुन्या बंगल्यात आणि अगदी साधे आहे. नणंदबाईंचा आग्रह पहिल्यासाठी आहे. तेथील सेवा खरोखर चांगली आहे की नाही, हे आम्हाला कसे कळावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : इमारत आणि माहितीपत्रक बाजूला ठेवा व तेथे आधीपासून असलेल्या रुग्णांकडे पाहा. संचालकांनी दिलेल्या वेळी न जाता एकदा दुपारच्या जेवणाच्या वेळी आणि एकदा रात्री आठनंतर किंवा रविवारी जा. या वेळी भेटू देण्यास जे केंद्र तयार नसेल, त्याचा विचार मी तरी करणार नाही.

जेवणाची वेळ फार काही सांगून जाते. अर्धांगानंतर अनेकांना गिळताना त्रास होतो आणि अन्नाचा कण श्वासनलिकेत गेल्यास न्युमोनिया होऊ शकतो. त्यामुळे रुग्णाला ताठ बसवून, लहान घास देऊन, तो गिळला गेल्याची खात्री करून मगच पुढचा घास दिला जातो का, ते पाहा. सासूबाईंची उजवी बाजू लुळी असल्याने उजव्या गालात घास साठून राहण्याचा संभव आहे. जेवणानंतर तोंड तपासून स्वच्छ करण्याची पद्धत आहे का, हे विचारा. जेवण झाल्यावर किमान अर्धा तास रुग्णाला आडवे करू नये. एकच आया चार खाटांवर घाईघाईने चमचे भरवत असेल, तर भिंती कितीही स्वच्छ असल्या तरी तेथील मनुष्यबळ अपुरे आहे असे समजावे.

रुग्णाला उठवताना कर्मचारी कोठे धरतात, हेही निरखून पाहा. लुळ्या हाताला किंवा त्या बगलेत धरून ओढल्यास खांदा निखळू शकतो, आणि ते दुखणे पुढे व्यायामालाच अडथळा करते. शिकलेला माणूस कमरेशी आधार देतो व उठवण्यापूर्वी काय करणार आहोत, ते रुग्णाला सांगतो.

शय्याव्रणांविषयी, म्हणजे फार काळ एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांविषयी, स्पष्ट विचारा : सध्या किती रुग्णांना आहेत, आणि त्यांपैकी किती जणांना ते येथे आल्यानंतर झाले? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते व त्याची नोंद ठेवली जाते. तो तक्ता मागून पाहा. सकाळी अकरा वाजता संध्याकाळपर्यंतचे सगळे रकाने एकाच शाईने भरलेले दिसले, तर ती नोंद कामाची नसून केवळ दाखवण्यासाठी आहे. हवेची गादी उपयुक्त असते, परंतु तिच्यामुळे कूस बदलण्याची गरज संपत नाही.

अमेरिकेत सरकारी योजनांतून पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमना २००८ पासून सरकारतर्फे एक ते पाच तारे दिले जातात. तपासणीचे अहवाल, मनुष्यबळ आणि रुग्णांची प्रत्यक्ष स्थिती यांवरून ते ठरतात. सुरुवातीला मनुष्यबळाचे आकडे संस्था स्वतःच कळवीत असत. २०१८ पासून ते पगाराच्या नोंदींवर आधारलेले असतात. आपल्याकडे असे तारे नसले तरी त्यातली दक्षता आपणही बाळगू शकतो. ‘चोवीस तास परिचारिका’ या शब्दांवर न विसंबता चालू आठवड्याचा ड्यूटी चार्ट पाहावयास मागा. रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती माणसे असतात, त्यांत तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा) अभ्यासक्रम केलेली परिचारिका आहे की केवळ आया आहेत, आणि रात्री प्रकृती बिघडल्यास कोणते डॉक्टर येतात, हे सारे लेखी घ्यावे. माझ्या मते केंद्राची खरी परीक्षा रात्रपाळीतच होते.

पुनर्वसन हा शब्द पाटीवर असणे पुरेसे नाही. अर्धांगानंतर सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, म्हणून हा काळ खाटेवर जाऊ देता कामा नये. दाखल करतानाच जेवणे, कपडे घालणे, खाटेवरून खुर्चीत बसणे, चालणे अशा दहा कामांचे गुण मोजणारी बार्थेल निर्देशांकाची नोंद मागा. ती शंभरपैकी असते व दर महिन्याला पुन्हा करता येते. नुसते तेल चोळणे म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. बोलण्यासाठी वाचोपचारतज्ज्ञ येतात का, हेही विचारावे.

इंदुरातील मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कर्मचारी बहुधा हिंदी किंवा माळवी बोलणारे असतात, आणि आजारपणात वृद्ध माणूस पुष्कळदा बालपणीच्या बोलीतच बोलू लागतो. ‘ओलं झालंय’, ‘पाठ अवघडली’, ‘गरगरतंय’ अशी सासूबाईंच्या नेहमीच्या बोलण्यातली वाक्ये हिंदी अर्थासह मोठ्या अक्षरांत लिहून खाटेजवळ लावा. तो कागद कर्मचारी वाचतात की नाही, यावरून त्यांची आस्थाही कळेल.

भर दुपारी सगळेच रुग्ण गुंगीत दिसले, तर झोपेची औषधे कोणाच्या सल्ल्याने दिली जातात, हे अवश्य विचारा. वजन दरमहा पाहावे. एका महिन्यात पाच टक्के घट ही गंभीर बाब आहे. दाखल रुग्णांवर उपचार करणाऱ्या केंद्राची नोंदणी मध्य प्रदेशाच्या १९७३ च्या उपचर्यागृह (नर्सिंग होम) अधिनियमाखाली आहे का, ते पाहा. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत निव्वळ शुश्रूषा व पुनर्वसनासाठीचे वास्तव्य सहसा वगळलेले असते, त्यामुळे खर्चाचा हिशेब त्याविना करावा.

जुन्या बंगल्यात या गोष्टी समाधानकारक आढळल्या, तर नणंदबाईंना एकदा जेवणाच्या वेळी दोन्हीकडे सोबत घेऊन जा.

प्रश्न : वडील अशाच एका केंद्रात आहेत. त्यांच्या माकडहाडापाशी जखम झाली आहे. ‘या वयात हे होणारच,’ असे संचालक म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : हे म्हणणे मान्य करू नका, बहुतेक शय्याव्रणे योग्य काळजीने टाळता येतात. जखमेचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवा आणि कूस बदलणे, मलमपट्टी व प्रथिनयुक्त आहार यांची योजना लेखी मागा. जखमेत काळा भाग दिसत असेल, दुर्गंधी येत असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना दाखवा. टाचा, घोटे व नितंबांची हाडेही तपासा. तेथील लाली बोटाने दाबूनही जात नसेल, तर ती पुढच्या जखमेची सुरुवात असते. केंद्राने दाद दिली नाही, तर जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही मार्गदर्शन मिळते. तक्रारीची पोचपावती घ्यावयास विसरू नका, आणि वडिलांना दुसरीकडे हलवायचे ठरल्यास औषधांची व नोंदींची संपूर्ण प्रत आधी ताब्यात घ्या.