‘ऑल्दो’नंतर ‘बट’ का चालत नाही? आणि डिस्पाइट, हाउएव्हर कुठे वापरायचे?

‘बट’ घुसतो तो आपल्या जरी-तरीमुळे. मराठीत ‘जरी’ गाळता येतो, ‘तरी’ मात्र लागतोच. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचा: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी लेफ्ट’ किंवा ‘इट वॉज रेनिंग, बट वी लेफ्ट’. ऑल्दो एका वाक्याला गौण करतो, बट दोन समान वाक्यं जोडतो. दोन्ही घातले की बटला जोडायला दुसरं मुख्य वाक्यच उरत नाही. ‘ऑल्दो... स्टिल’ चालतं, कारण स्टिल क्रियाविशेषण आहे. ‘दो... येट’ ही शाळेत घोकलेली जोडीही चूक नाही, जुनाट आहे एवढंच.

ऑल्दो की डिस्पाइट, हे ठरवताना अर्थाकडे बघू नका, तो जवळपास सारखाच. पुढे काय येतंय ते बघा. कर्ता-क्रियापद आलं तर ऑल्दो. नुसतं नाम किंवा आयएनजी-रूप आलं तर डिस्पाइट किंवा इन स्पाइट ऑफ. म्हणून ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ चूक, ‘डिस्पाइट द रेन’ बरोबर. ‘ऑफ’ फक्त ‘इन स्पाइट’ला लागतो, ‘डिस्पाइट ऑफ’ कुठेही दिसलं तरी खोडा. ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट’ लिहून पुढे वाक्य जोडता येतं, पण तेवढा पसारा मांडण्यापेक्षा ऑल्दो बरा.

हाउएव्हर मुळात वाक्यं जोडतच नाही. ‘इट वॉज रेनिंग, हाउएव्हर वी लेफ्ट’ हे विरामचिन्हांत चुकलं. हाउएव्हरच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नंतर स्वल्पविराम.

सगळ्यात फसवं म्हणजे ईव्हन इफ आणि ईव्हन दो. ‘पाऊस आला तरी जाऊ’ आणि ‘पाऊस आला तरी गेलो’, मराठीत पहिला भाग हुबेहूब तोच. पहिल्यात पाऊस अजून यायचाय: ‘ईव्हन इफ इट रेन्स, वी विल गो’. दुसऱ्यात तो येऊन गेला: ‘ईव्हन दो इट रेन्ड, वी वेन्ट’.

‘उलट’चंही तसंच. ‘मुंबई दमट, उलट पुणं कोरडं’ इथे व्हेअरअ‍ॅज घ्या. ऑन द कॉन्ट्ररी मागचं विधान खोडून काढायला असतं: ‘ही इजन्ट लेझी. ऑन द कॉन्ट्ररी, ही वर्क्स टेन अवर्स अ डे.’

बोलताना दो वाक्याच्या शेवटीही टाकतात: ‘इट वॉज एक्स्पेन्सिव्ह. आय लाइक्ड इट, दो.’ तिथे ऑल्दो चालत नाही.