वाचकांचे प्रश्न : ५ एचपीचं इंजिन तासाला किती डिझेल पितं?

प्रश्न : विहिरीवरचं आमचं ५ एचपीचं डिझेल इंजिन तासाला दीड लिटरच्या वर डिझेल खातं. धूरही काळा येतो. हे बरोबर आहे का? – एक शेतकरी, जि. सोलापूर

उत्तर : नाही, हे जास्त आहे. १ लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. चांगल्या स्थितीतलं इंजिन त्यातली जेमतेम एक तृतीयांश शाफ्टवर देतं, बाकीची धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून उष्णता होऊन जाते. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट, म्हणून पूर्ण लोडवर तासाला साधारण १.१ लिटर लागायला हवं.

आधी मोजमाप पक्कं करा. टाकी काठोकाठ भरा, पूर्ण लोडवर बरोबर एक तास चालवा आणि मापाने पुन्हा काठोकाठ भरा. जेवढं ओतलं तेवढा खप.

काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. पहिला संशय एअर फिल्टरवर घ्या : तो चोंदला की हवा कमी पडते. दुसरा नोझलवर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीवर. चांगला नोझल धुक्यासारखा फवारा मारतो, खराब झालेला थेंब गाळतो, आणि थेंब नीट जळत नाही. हे दोन्ही ठीक असेल तर पाण्याचा पंप इंजिनाला जड होतोय का ते बघा. धूर निळसर असेल तर वंगणाचं ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या.

प्रश्न : टाकी रिकामी झाली, डिझेल भरलं, पण हँडल मारूनही इंजिन लागत नाही.

उत्तर : डिझेलच्या लाइनीत हवा धरली आहे. फ्युएल पंप डिझेल दाबतो तेव्हा बुडबुडा नुसता आकसतो, म्हणून नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही.

टाकी निम्मी तरी भरा, कॉक उघडा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू अर्धा फेरा ढिला करा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की घट्ट करा. मग फ्युएल पंपावरच्या स्क्रूचं तसंच. शेवटी नोझलकडच्या पाइपचा नट एक फेरा ढिला करून, डिकॉम्प्रेशन लिव्हर (इंजिनातला दाब सोडणारा दांडा) उचलून हँडल फिरवा. तिथून बिनबुडबुड्याचं डिझेल पचपच बाहेर आलं की नट आवळा. आता हँडल फिरवताना नोझलचा कर्र-कर्र आवाज आला तर काम झालं. नोझलच्या तोंडासमोर बोट मात्र कधीही धरू नका : तो फवारा कातडीत घुसतो आणि जखम बारीक दिसली तरी हात जायची वेळ येते.

प्रश्न : डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळलं तर चालेल का?

उत्तर : नको. फ्युएल पंपाच्या प्लंजरला (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्याला) वेगळं वंगण नसतं, डिझेलच त्याचं वंगण. रॉकेल पातळ, त्यामुळे प्लंजर झिजतो, दाब पडतो आणि इंजिन गरम असताना लागेनासं होतं.