हशासाठी सोडलेले तीन फूट

जुन्या सिनेमांविषयी वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त संकलिकेची उत्तरं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला की मी हातातलं काम टाकून बसतो. संवाद पाठ आहेत, पात्राच्या आधी मीच म्हणतो. परवा मुलीला मुद्दाम शेजारी बसवलं. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. अर्धा वेळ ती फोनमध्येच होती आणि शेवटी म्हणाली, “बाबा, पुरुषाने साडी नेसली यात एवढं हसण्यासारखं काय आहे?” मला फार वाईट वाटलं. सिनेमा जुना झाला, की आमची पिढीच भाबडी होती?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : भाऊ, तुमच्या मुलीने अगदी योग्य जागी बोट ठेवलंय. तिला गप्प करू नका. नुसती साडी नेसलेला पुरुष खरंच विनोदी नसतो. ऐंशीच्या दशकात असे कितीतरी सिनेमे आले, ज्यांत नटाला साडी नेसवली, दोन पावलं ठुमकायला लावलं आणि लेखकाने हात झटकले. ते आज बघवत नाहीत. तेव्हाही थिएटरात मध्यंतरानंतर चुळबुळ सुरू व्हायची. तोतऱ्या नोकरावर, जाड्या बाईवर, काळ्या मुलीवर केलेले विनोद तर मी आजही चालू झाले की पुढे सरकवते. मुलगी नको म्हणतेय तरी तिच्या मागे मागे फिरणारा नायक आणि त्यावर वाजवलेलं गमतीदार संगीत, हेही त्यातच आलं. त्या काळात चालायचं म्हणून आज चालवून घ्यावं, असं मला वाटत नाही.

पण ‘बनवाबनवी’चं तसं नाही. तिला एकच विचारा : या सिनेमात अडचणीत कोण आहे?

चार तरुण आहेत, खिशात पैसे नाहीत आणि डोक्यावर छप्पर नाही. घरमालक विश्वासराव सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी, खोलीतून बाहेर काढतात. लीलाबाई काळभोर जागा द्यायला तयार आहेत, पण फक्त जोडप्यांना. मग दोघांनी साड्या नेसायच्या. साडी ही गरजेपोटी आलेली आहे आणि ती नेसल्या क्षणापासून कोंडी त्या नेसणाऱ्यांची होते, बायकांची नाही. गंमत कुठे आहे पाहा. लीलाबाई भोळ्या किंवा मूर्ख दाखवलेल्या नाहीत. त्या प्रेमळ आहेत. नयनताराबाईंनी ती भूमिका इतक्या सरळ मनाने केली आहे, की त्यांनी माया लावली की खोटं बोलणाऱ्यांचे पाय आणखी खोलात जातात. पार्वतीला, म्हणजे साडी नेसलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंना, दिवस गेल्याची थाप मारली जाते आणि लगेच डोहाळजेवण ठरतं. ‘कुणीतरी येणार येणार गं’ या गाण्यात बायका मनापासून नाचतायत, कौतुक करतायत, आणि मधे बसलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंना पळायला जागा नाही. हसू येतं ते त्या मायेपुढे खोट्याची जी त्रेधा उडते तिचं. ही गोष्ट शिळी व्हायचं कारण नाही.

आणि जागेचं म्हणाल, तर तुमच्या मुलीला नोकरी लागल्यावर मैत्रिणींबरोबर अंधेरीत किंवा दादरला भाड्याने घर बघायला पाठवा. ब्रोकर पहिला प्रश्न विचारेल, “फॅमिली आहे की बॅचलर?” मग सोसायटीचं कमिटीपुराण, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, डिपॉझिट. ‘बनवाबनवी’ आला १९८८ मध्ये. त्याची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची, म्हणजे आपल्या सिनेमाहून बावीस वर्षं आधीची. गोष्ट पुण्यात घडते, पण मुंबईकराला ती कुणी समजावून सांगावी लागली नाही. आजही लागणार नाही. एवढं मात्र मला खटकतं, की फसवल्या गेलेल्या मुलींचा राग शेवटी फार पटकन विरतो. तुमच्या मुलीला ते खटकलं, तर तिचं ऐकून घ्या.

आता फोनचं. मी उमेदीची सगळी वर्षं संकलनात काढली, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

पस्तीस एमएम फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम बसतात आणि सेकंदाला चोवीस फ्रेम धावतात. दोन सेकंद म्हणजे तीन फूट. विनोदी प्रसंग कापताना आम्ही वाक्य संपलं की लगेच पुढच्या वाक्यावर जात नसू. पंचनंतर ऐकणाऱ्याचा चेहरा दोन-तीन फूट जास्त ठेवायचा, कारण तिथे थिएटर हसणार असतं. ती जागा सोडली नाही, तर पुढचं वाक्य हशात बुडतं आणि त्यातला विनोद वाया जातो. स्टीनबेक या संकलनाच्या यंत्राच्या टेबलावर, बंद खोलीत, कुणीच हसत नसताना ही लांबी ठरवावी लागे. चायना मार्करने, म्हणजे मेणाच्या पेन्सिलीने, फ्रेमवर खूण करायची, कात्री लावायच्या आधी डोळे मिटून मनातल्या मनात भरलेलं थिएटर ऐकायचं. ज्याला ते ऐकू यायचं, तो चांगला संकलक. अशोक सराफ, लक्ष्मीकांत, सुधीर जोशी ही मंडळी रंगभूमीवरची. हशा कसा घ्यायचा, तो ओसरायच्या नेमका आधी पुढचं वाक्य कसं टाकायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यामुळे अशा नटांच्या शॉटमध्ये ती जागा आयती मिळायची.

आता तुमच्या दिवाणखान्यात काय होतं पाहा. सोफ्यावर दोघंच. वाक्य संपलं, पडद्यावर सुधीर जोशींचा अवाक चेहरा, आणि घरात शांतता. जी जागा शेकडो माणसांच्या हशासाठी ठेवली होती, ती रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेत तुमच्या मुलीने फोन उचलला. तिने रील्सवर हेच प्रसंग आधी पाहिलेत. तिथे ही जागा कापलेली असते, फक्त वाक्य असतं. सत्तर रुपये वारल्याचा विनोद तिला ठाऊक आहे, पण विश्वासरावांच्या डायबिटीसचं औषध इस्राईलमधल्या मित्राकडून मागवण्याची थाप, त्यासाठी उकळलेले पैसे, मग तो मित्रच वारल्याची बातमी, हा जिना तिने चढलेलाच नाही. वसंत सबनीसांचे संवाद असे पायरीपायरीने रचलेले आहेत. धनंजय माने थाप मारतात तेव्हा अशोक सराफांच्या चेहऱ्यावर एक रेषसुद्धा हलत नाही. ते स्वतः हसले असते, तर प्रसंग तिथेच मेला असता.

म्हणून माझं ऐका. पुढच्या वेळी आठ-दहा माणसं जमवा. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावता आला तर उत्तमच. मुलीच्या मैत्रिणींना बोलवा. आणि कृपा करून पात्राच्या आधी संवाद म्हणू नका. तुम्ही वाक्य आधी म्हणता तेव्हा तिच्या वाट्याचा हशा तुम्ही घेता.

ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचं मी म्हणते ते कळावं म्हणून ‘धुमधडाका’तला एक प्रसंगही तिला दाखवा. १९८५ चा, महेश कोठारेंचा. लक्ष्मीकांत आपल्या सिनेमाची भुताची गोष्ट शरद तळवलकरांना, म्हणजे धनाजीराव वाकड्यांना, सांगतो, नुसत्या तोंडाच्या आवाजांवर : दार करकरतं, पावलं वाजतात, वारा सुटतो. हा प्रसंग आधी श्रीधर यांच्या १९६४ च्या तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’मध्ये नागेश आणि बालय्या यांनी केला, मग श्रीधर यांनीच काढलेल्या १९६६ च्या हिंदी ‘प्यार किये जा’मध्ये मेहमूद आणि ओमप्रकाश यांनी. तीन भाषा, तीन जोड्या, आणि तिन्ही ठिकाणी प्रसंग पेलतो तो ऐकणारा. तळवलकर खुर्चीत किती आक्रसत जातात, ते बघा. सांगणारा कितीही जोरात करू दे, कट त्यांच्यावर जातो तेव्हाच लोक हसतात. कुणाच्या व्यंगावर नाही, कुणाच्या जातीवर नाही, घाबरलेल्या एका धनाजीराव वाकड्यांवर. मी तो प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी तळवलकरांचंच तोंड बघते.

प्रश्न : मावशी, मी माटुंग्याला कॉलेजात आहे. माझ्या आईच्याही जन्माआधीचे मराठी विनोदी सिनेमे बघायची इच्छा आहे, पण पंधरा मिनिटांत कंटाळा येतो. सगळे फार हळू बोलतात आणि मधेच गाणी येतात. कुठून सुरू करू?
— एक वाचक, माटुंगा

उत्तर : ‘मुंबईचा जावई’पासून कर. राजा ठाकूरांचा, १९७० चा. गावाकडची मुलगी लग्न होऊन मुंबईत येते आणि भरल्या घरात नव्या नवरा-बायकोला एकमेकांशी चार शब्द बोलायला कोपरा मिळत नाही. बस, एवढीच गोष्ट आहे. दोन वर्षांनी बासू चटर्जींनी ती हिंदीत ‘पिया का घर’ म्हणून केली. तू मुंबईत राहतेस, तुला यातलं काही समजावून सांगायला नको. यात गाणी मधे येतात असं तुला वाटणार नाही. ‘का रे दुरावा’ ऐकताना लक्षात ठेव, की या बाईचा नवरा तिच्यापासून हाताच्या अंतरावर आहे आणि तरी लांब आहे, कारण आजूबाजूला घरभर माणसं आहेत. ज्या अडचणीवर आत्ता तू हसलीस, तिच्यातूनच गाणं निघालेलं आहे. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचं संगीत.

ते जमलं की १९५२ कडे जा, राजा परांजपेंचा ‘लाखाची गोष्ट’. लाख रुपये खर्च करून दाखवायची पैज आहे. त्या काळचे लाख रुपये, म्हणजे संपता संपत नाहीत! हळू बोलतात म्हणतेस ते खरं आहे. पण थोडं थांबलीस की कळेल, ते प्रत्येक अक्षर स्पष्ट बोलतात. मागच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जावं म्हणून. कानाला सवय व्हायला एक सिनेमा पुरतो.

आणि धीर असेल तर १९३८ चा ‘ब्रह्मचारी’. लिहिला आचार्य अत्र्यांनी, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. नायिका मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात ‘यमुनाजळी खेळू खेळ कन्हैया’ गातात, त्यावर तेव्हा गहजब झाला होता. भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा तरुण आणि त्याला खुशाल आडवी येणारी मुलगी, यात पुढाकार सगळा तिचा आहे. पन्नास वर्षांनंतरच्या पुष्कळ नायिकांना एवढी मोकळीक मिळाली नाही. मला तो सिनेमा त्यासाठी फार प्रिय आहे.

प्रश्न : ‘सोंगाड्या’ मी तरुणपणी दादरला कोहिनूरमध्ये पाहिला. नातवंडांबरोबर बघावा का? दादा कोंडक्यांचं नाव काढलं की सून नाक मुरडते. दुसरं, नवीन मोठ्या टीव्हीवर जुन्या सिनेमातली माणसं आडवी पसरलेली दिसतात. टीव्हीत बिघाड आहे का?
— एक आजोबा, लालबाग

उत्तर : ‘सोंगाड्या’ खुशाल बघा. सूनबाईंची अडचण समजते. दादांच्या नंतरच्या सिनेमांत दुहेरी अर्थ इतका दाटीवाटीने येतो, की मुलांसमोर मोठ्यांनाच अवघडायला होतं, आणि एकाच युक्तीवर दोन-अडीच तास काढले की ती बोथटही होते. १९७१ च्या ‘सोंगाड्या’त दादांचा नाम्या खरंच भाबडा आहे. तमाशाने भुललेला मुलगा आणि त्याच्यावर डाफरणारी रत्नमालाबाईंची आई, यांच्यातली ओढाताण मुलांना नक्की कळेल. याचं लेखनही वसंत सबनीसांचंच. त्यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने दादांना रंगभूमीवर मोठं केलं होतं. आईने नाम्याला घराबाहेर काढल्यावर नातवंडं गप्प झाली, तर घाबरू नका. चांगल्या विनोदी सिनेमात तेही होतं.

टीव्हीत बिघाड नाही. जुन्या सिनेमांच्या टीव्हीसाठी काढलेल्या प्रती बहुधा ४:३ या जवळजवळ चौकोनी आकाराच्या असतात आणि तुमचा पडदा १६:९. टीव्ही चित्र ताणून तो पडदा भरतो. रिमोटवर ‘पिक्चर साइज’ किंवा ‘आस्पेक्ट रेशो’ असं काहीतरी मिळेल, तिथे ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. ‘झूम’ मात्र निवडू नका. त्यात वरचं आणि खालचं चित्र कापलं जातं, आणि या सिनेमांत अर्धा विनोद पायांत असतो. नाचताना दादांचे पाय दिसले नाहीत, तर काय बघितलं?

सेटिंग्जमध्ये हालचाल गुळगुळीत करणारं एखादं ‘मोशन’ असेल, तर तेही बंद करा. टीव्ही दोन फ्रेमच्या मधे स्वतःच्या फ्रेम घालतो आणि नटाची चपळ हालचाल पातळ होते. आवाज किंचित चिरका वाटला, तर तो तुमच्या कानांचा दोष समजू नका. आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम लागतात, म्हणून २४ फ्रेमचा सिनेमा कित्येकदा थोडा पळवून प्रत काढतात. शंभर मिनिटांचा सिनेमा मग शहाण्णव मिनिटांत संपतो. याला घरी काही इलाज नाही, पण दुसऱ्या ठिकाणची प्रत मिळाली तर लावून बघा. एखाद वेळेस ती योग्य वेगाची निघते.