आधी फाइलीत, मग फलकावर

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) बोर्डाने ४ विरुद्ध १ मतांनी एक्सॉनमोबिलचे समुद्रातल्या तेलाचे परवाने सेबल या तेल कंपनीला हस्तांतरित करायला नकार दिला. दीड महिना उलटतो न उलटतो तोच केंद्राच्या पाइपलाइन सुरक्षा यंत्रणेने ते तेल नेणारी नळी, म्हणजे लाइन, आंतरराज्य ठरवून आपल्या अधिकारात घेतली. ‘मग आपण त्या सभागृहात तासन्‌तास बसलो कशाला?’ असं तू विचारतोस. फाइलीसाठी बसलो, म्हणजे निर्णयामागच्या अधिकृत कागदांसाठी.

कपाळावर आठ्या आणू नकोस, पुढे वाच. होंडो, हार्मनी आणि हेरिटेज हे तेल काढणारे तिन्ही प्लॅटफॉर्म फेडरल, म्हणजे केंद्राच्या, पाण्यात उभे आहेत आणि तिथे काउंटीचं काही चालत नाही. पण तेल किनाऱ्यावर लास फ्लोरेस कॅन्यनमध्ये आणावं लागतं आणि तिथून पुढे न्यावं लागतं. या सगळ्या व्यवहाराची नाडी तिथे आहे. एक्सॉनमोबिलने दिवसाला ७० पर्यंत टँकर-ट्रक चालवायची परवानगी मागितली होती. काउंटीने ती २०२२ मध्ये नाकारली आणि कोर्टात तो नकार टिकला. टिकला, कारण नकाराची कारणं पुराव्यासकट फाइलीत होती. त्या दिवशी बाहेर किती लोक जमले होते, हे न्यायाधीशाने विचारलं नाही.

आता तुझ्या भाषणाकडे येतो. ‘आम्हाला २०१५ पुन्हा नको’ हे वाक्य छान आहे, पण त्याला हरकत म्हणत नाहीत. १९ मे २०१५ ला इथल्या रेफ्युजिओ किनाऱ्याजवळ तेलाची नळी फुटली तेव्हा नेमकं काय फाटलं, हे कागदावर यायला हवं. फुटलेली लाइन ९०१, आताच्या वादातल्या लाइनचाच भाग, म्हणजे २४ इंची, जमिनीखालून जाणारी, दाट तेल गरम ठेवण्यासाठी फोमचं आवरण घातलेली नळी. पोलादाला गंजापासून वाचवायला जमिनीतून बारीक विद्युतप्रवाह सोडतात, त्याला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात. फोमच्या आवरणात पाणी शिरलं की नळी आतल्या आत ऊबदार आणि ओली राहते आणि तोच फोम प्रवाहाला पोलादापर्यंत पोहोचू देत नाही. वरून मोजलं तर यंत्रणा चालू दिसते, आत गंज आपलं काम करत राहतो.

स्मार्ट पिग, म्हणजे नळीच्या आतून फिरणारं तपासणीचं यंत्र, फुटण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी त्याच लाइनमधून फिरवलं होतं. त्याने त्या जागी भिंतीची झीज ४७ टक्के दाखवली. फुटल्यावर धातूची तपासणी झाली तेव्हा झीज ८९ टक्के निघाली. सुमारे २,९३४ बॅरल तेल सांडलं. हे सगळं केंद्राच्याच चौकशी अहवालात आहे. म्हणून कुणी ‘पिग फिरवलाय, दुरुस्त्या झाल्यात’ म्हणालं की तिथेच तुझे प्रश्न सुरू व्हायला हवेत. यंत्राने सांगितलेली झीज आणि खोदून प्रत्यक्ष मोजलेली झीज यांत किती फरक निघाला? किती जागी खोदून पाहिलं? आवरण बदललं की नुसता वेल्डिंगचा जोड घातला? कॅथोडिक प्रोटेक्शन कमी पडतं हे मान्य करूनच राज्याच्या फायर मार्शलने, म्हणजे राज्यातल्या तेलनळ्यांची सुरक्षा पाहणाऱ्या कार्यालयाने, डिसेंबर २०२४ मध्ये नियमांतून सवलती दिल्या. त्या सवलतींच्या प्रत्येक अटीला एक प्रश्न जोड. आणि लेखी दे, तोंडी नको. दोन-तीन मिनिटांत माइक बंद होतो, कागद तसा बंद होत नाही.

वेळेचं गणित पाठ कर. काउंटी बोर्डाच्या नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लागतो, म्हणजे तयारी त्याआधीच झालेली असली पाहिजे. राज्याच्या किंवा काउंटीच्या कार्यालयाकडे सार्वजनिक नोंदी मागितल्या की १० दिवसांत त्या देता येतात की नाही एवढंच उत्तर मिळतं आणि मुदत आणखी १४ दिवस वाढू शकते. प्रत्यक्ष कागद त्याहून उशिरा हातात येतात. म्हणून सुनावणीची तारीख कळल्यावर अर्ज करणारा हरतोच. पर्यावरण आढाव्याच्या कायद्याखाली दावा लावायची मुदत, निर्णयाची नोटीस लागली तर ३० दिवस आणि आढाव्यातून सूट दिल्याची नोटीस लागली तर ३५. आणि जो मुद्दा सुनावणी संपेपर्यंत कुणीच मांडला नाही, तो पुढे कोर्टात मांडता येत नाही. हे वाक्य भिंतीवर लाव. या एका नियमाने मी अनेक चांगल्या माणसांचे चांगले मुद्दे मेलेले पाहिलेत.

‘पण आता सगळं केंद्राकडे गेलं ना?’ म्हणशील. गेलं तरी न्यायाधीश सहसा निर्णयाच्या वेळी यंत्रणेसमोर कोणते कागद होते तेच बघतो. लाइन लास फ्लोरेसला सुरू होते आणि कर्न काउंटीत पेंटलंडला संपते, दोन्ही टोकं कॅलिफोर्नियात. २०२० च्या कोर्टाच्या संमती-हुकुमात, म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या हुकुमात, फेरसुरुवातीसाठी राज्याच्या फायर मार्शलची मंजुरी लिहिलेली आहे. मग ती एकाएकी आंतरराज्य कशी झाली? हा प्रश्न काउंटीच्या आणि राज्याच्या कागदांच्या जोरावरच विचारता येतो. सभागृहातली आपली ती कंटाळवाणी रात्र त्याच कागदांत आहे.

मला लोक चळवळीतला कारकून म्हणतात. म्हणू देत. १९६९ च्या तेलगळतीनंतर इथे माणसं रस्त्यावर आली, ते गरजेचंच होतं. मोर्चे मलाही आवडतात. पण घोषणा देण्यात जी वर्षं घालवली त्यांतली निम्मी अर्ज लिहिण्यात घालवायला हवी होती, ही खंत जात नाही. कदाचित म्हणूनच तुझ्यावर जरा जास्तच ओरडतो. तू दमलायस हे दिसतंय. दोन दिवस झोप काढ, मग बस.

पहिलं काम हे कर. सवलतींच्या दोन्ही पत्रांतल्या अटी एका तक्त्यात उतरव: अट, ती पाळल्याचा पुरावा कुठल्या कागदात, तो कागद आपल्याकडे आहे का. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ आलं की त्याच दिवशी नोंदींचा अर्ज धाड. अर्जात ‘सर्व कागदपत्रं’ असं लिहू नकोस, अडकवून ठेवतात. तारखांचा टप्पा आणि अहवालाचा प्रकार लिही. तक्ता अर्धवट असला तरी पाठव, मी लाल शाई घेऊन बसलोय.

तुझा,
तोच खडूस