मोठ्या सामन्याआधी हात गार पडणाऱ्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बास्केटबॉलच्या बाद फेरीचा सामना आला की तुझे हात गार पडतात, पोटात कालवाकालव होते, आणि समोरच्या संघातल्या मुली मात्र सामन्याआधीच्या सरावात हसतखेळत लेअप, म्हणजे रिंगजवळ धावत जाऊन मारायचे सोपे शॉट, मारताना दिसतात, असे तू लिहिले आहेस. त्यावरून आत्मविश्वास काहींना जन्मतःच मिळतो आणि आपल्याला तो मिळालेला नाही, असा निष्कर्षही तू काढून मोकळी झाली आहेस. तुझे निरीक्षण खरे आहे, पण निष्कर्ष चुकला आहे. तो तुझ्या मनात घर करून बसू नये म्हणून हे उत्तर जरा लांबलचक लिहीत आहे.

आधी त्या गार हातांविषयी लिहिते. मोठा प्रसंग समोर आला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, आणि त्वचेकडे जाणारे रक्त कमी होऊन ते मोठ्या स्नायूंकडे वळते. म्हणून बोटे गार पडतात. धावण्याची आणि उडी मारण्याची ही शरीराची तयारी असते. त्या हसणाऱ्या मुलींपैकी निम्म्या जणींचे हात हातात घेऊन पाहिलेस, तर ते तुझ्याइतकेच गार निघतील असे मला अनुभवावरून वाटते. त्यांना ही खूण ओळखीची झालेली असते आणि तुला ती अजून अपशकुनासारखी वाटते, एवढाच काय तो फरक. त्यामुळे ही खूण घालवण्याच्या मागे लागू नकोस. सामन्याआधी चेंडू नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात खेळव, घामासाठी टॉवेल जवळ ठेव, आणि पहिला शॉट थोडा लांब गेला तर दचकू नकोस, कारण अंगात जास्तीचा जोर असताना अनेकींचा तो तसाच जातो.

माझ्या मते खरी अडचण पुढे आहे. दडपणाखाली खेळाडूचे लक्ष नको त्या ठिकाणी जाते. हजारो वेळा मारलेला शॉट हाताला पाठ झालेला असतो; पण ‘हा चुकता कामा नये’ असे मनात आले की आपण कोपराचा कोन, मनगटाची कलाटणी, बोटांची पकड यांच्यावर पहारा ठेवू लागतो आणि सरावाने आपोआप होणारी क्रिया तुकड्यातुकड्यांत मोडते. जिना भरभर उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करू लागले की पाय अडखळतो, तसेच हे आहे. रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञाने 1984 मध्ये दडपणाखालच्या अपयशावर लिहिताना हेच कारण मांडले होते, आणि पुढच्या अनेक अभ्यासकांनी त्याची छाननी केली. म्हणून ‘नीट लक्ष देऊन मार’ हा बाकावरून ओरडून दिला जाणारा सल्ला मला फारसा कामाचा वाटत नाही. लक्ष द्यायचे ते कशावर, हे त्या सल्ल्यात कोणी सांगतच नाही.

फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर कोणी अडवत नसताना रेषेवरून मारायचा शॉट, या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत स्वच्छ रूपात देतो. रिंग 3.05 मीटर उंचीवर असते आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रेषा बोर्डापासून 4.6 मीटरवर, मैत्रीच्या सामन्यात आणि अंतिम सामन्यात यांत एका बोटाचाही फरक पडत नाही. पंचांनी चेंडू हातात दिल्यावर तुझ्याजवळ 5 सेकंद असतात. ती पाच सेकंदे रिकामी राहिली तर भीती त्यांत शिरते, म्हणून ती आधीच भरून ठेवायची. एलेना डेल डॉन या अमेरिकी खेळाडूने संपूर्ण व्यावसायिक कारकिर्दीत 93 टक्क्यांहून अधिक फ्री थ्रो यशस्वी केले. तिचा क्रम कायम ठरलेला होता: पाय ठरलेल्या जागी, तीन ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणे), हात काटकोनात आणि मग शॉट. तिचा क्रम उचलू नकोस. तुझा स्वतःचा ठरव, तो लहान ठेव, आणि एकदा ठरल्यावर हंगामाच्या मध्यात त्याला हात लावू नकोस. त्या क्रमात एक गोष्ट मात्र असायलाच हवी. जोन विकर्स या संशोधिकेने 1996 मध्ये फ्री थ्रो मारणाऱ्या खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा असे दिसले की अधिक कुशल खेळाडूंची नजर शॉट सुरू होण्याआधी रिंगच्या एकाच भागावर अधिक वेळ स्थिर असते. तेव्हा ड्रिबल संपले की रिंगच्या कडेचा एक ठिपका निवड आणि तिथेच पाहा. डोळ्यांना काम मिळाले की मनगटावर पहारा ठेवायला कोणी उरत नाही.

हे सरावात कसे बसवायचे, याबद्दल माझे मत जरा कडक आहे. सरावाच्या शेवटी रेषेवर उभे राहून ओळीने पन्नास फ्री थ्रो मारणे हा मला वेळेचा अपव्यय वाटतो, कारण दहाव्या शॉटनंतर हाताला लय सापडते आणि सामन्यात ती लय सापडायला कोणी वेळ देत नाही. सामन्यात धापा टाकत, बहुधा दोनच शॉट मिळतात, आणि तेही बराच वेळ चेंडू हाताला न लागल्यावर मिळू शकतात. म्हणून मैदानाच्या दोन्ही टोकांपर्यंत धावून ये, दोन मार, पुन्हा धाव, आणि निकाल वहीत लिही. वही यासाठी की मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री मन ‘तू नेहमी चुकतेस’ असे सांगू लागेल, तेव्हा त्याच्याशी वाद घालायला तुझ्याकडे आकडे असावेत. स्वतःला ‘मी उत्तम आहे’ असे शंभरदा बजावण्यापेक्षा दमलेल्या पायांनी मारलेल्या शॉटची नोंद कितीतरी जास्त धीर देते.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला थांबवले, त्याकडे येते. ‘पहिले दोन शॉट आत गेले की मी मोकळी खेळते, नाही गेले की सगळा सामना हातातून जातो,’ असे तू लिहिले आहेस. म्हणजे तुझा आत्मविश्वास रिंगकडे गहाण पडला आहे, आणि रिंग कोणाचे ऐकत नाही.

डब्ल्यूएनबीए या अमेरिकी महिलांच्या व्यावसायिक लीगच्या 2024 च्या अंतिम मालिकेतली न्यूयॉर्क लिबर्टी संघाची गोष्ट तुला ठाऊक असेल, तरी ती या दृष्टीने पुन्हा पाहा. मिनेसोटा लिंक्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात सॅब्रिना आयोनेस्कूने अखेरच्या क्षणी फार दुरून तीन गुणांचा शॉट मारून 80-77 असा विजय मिळवून दिला. चारच दिवसांनी, 20 ऑक्टोबरला, निर्णायक पाचव्या सामन्यात तिचा 19 पैकी फक्त एक शॉट गेला. एकोणिसातले एक! आत्मविश्वास शॉट जाण्यावर अवलंबून असता तर तिने मध्यंतरालाच टॉवेलमध्ये तोंड लपवले असते. त्या सामन्यात तिने 8 असिस्ट (सहकारीच्या बास्केटआधीचा पास) दिले आणि 7 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू) घेतले. तिचीच सहकारी ब्रेआना स्टुअर्ट पहिल्या सामन्यात निर्धारित वेळेला जेमतेम एक सेकंद उरलेले असताना फ्री थ्रो रेषेवर होती. दोनपैकी एक गेला असता बरोबरी आणि दोन्ही गेले असते तर विजय, अशी स्थिती होती. तिचा दुसरा चुकला आणि तो सामना जादा वेळेत संघाच्या हातून निसटला. पाचव्या सामन्यात, संघ दोन गुणांनी मागे आणि 5.2 सेकंद शिल्लक असताना, तीच स्टुअर्ट पुन्हा त्याच रेषेवर आली आणि तिने दोन्ही मारले. जादा वेळेत लिबर्टीने 67-62 असा सामना जिंकला आणि संघाला पहिले विजेतेपद मिळाले. त्याआधी हा संघ पाच वेळा अंतिम फेरीत हरला होता.

या दोघींच्या मनात त्या क्षणी काय चालले होते हे मला सांगता येणार नाही, आणि ते शोधायची गरजही नाही. काय केले ते दिसते. शॉट जात नसताना आयोनेस्कूकडे दुसरी कामे होती, आणि ती कामे रिंगवर अवलंबून नव्हती. बॉक्स आउट करणे (रिबाउंडसाठी समोरचीला पाठीने अडवून ठेवणे), स्क्रीन (सहकारीच्या वाटेत येणाऱ्या बचावपटूला अंगाने अडवणे) नीट रोवून लावणे, चेंडू गेल्यावर धावत मागे जाणे, समोरच्या पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणाऱ्या खेळाडूला, तिच्या आवडत्या हाताने जाऊ न देणे, यांसाठी हात गरम असावा लागत नाही. तू पुढच्या सामन्याआधी अशी दोन कामे निवड, जी तुझा एकही शॉट गेला नाही तरी शेवटच्या मिनिटापर्यंत तुला करता येतील, आणि ती प्रशिक्षकांना आधीच सांगून ठेव. मग पहिले दोन शॉट चुकल्यावरही तुझ्याकडे काम उरेल, आणि काम उरलेल्या खेळाडूला स्वतःकडे पाहत बसायला वेळ मिळत नाही.

एक सवय मात्र मोडायला हवी, आणि ही मी मुलग्यांच्या संघांपेक्षा मुलींच्या संघांत कितीतरी जास्त पाहिली आहे. पास चुकला की ‘सॉरी’, शॉट चुकला की ‘सॉरी’, फाउल झाला की दोन्ही हात तोंडावर. ही नम्रता नव्हे. तुझी माफी पूर्ण होईपर्यंत समोरची खेळाडू मैदानाच्या अर्ध्या रेषेपर्यंत पोचलेली असते. समोरच्या संघाला चेंडू मिळाला की शॉट मारण्यासाठी त्यांच्या घड्याळात 24 सेकंद सुरू होतात. तेवढ्या वेळात करायचे काम ठरलेले ठेव. ‘सॉरी’च्या जागी मी माझ्या मुलींना डिफेन्सचा शब्द मोठ्याने बोलायला लावते: ‘चेंडू माझा’, ‘उजवीकडे स्क्रीन’, ‘मदत आहे’. मोठ्याने बोलण्यासाठी श्वास सोडावा लागतो आणि कोंडलेला श्वास सुटला की खांदे आपोआप खाली येतात, हा त्यातला आनुषंगिक फायदा. मुलीने मैदानावर चढ्या आवाजात सूचना दिल्या तर काहींना ते खटकते. खटकू दे. संघाला तुझा आवाज हवा असतो.

दुसरे एक साधन मला फार मोलाचे वाटते, आणि त्याबद्दल कमी बोलले जाते: परिस्थितीचे ज्ञान. अटीतटीच्या वेळी अर्धी घबराट अज्ञानातून येते. आपले किती टाइमआउट शिल्लक आहेत, समोरच्या संघाचे या क्वार्टरमध्ये किती फाउल झाले आहेत, पाचव्या सांघिक फाउलपासून आपल्याला दोन फ्री थ्रो मिळणार आहेत का, पुढच्या जंप बॉलचा बाण (चेंडू कोणाला मिळणार हे दाखवणारा) कोणाकडे आहे, हे ज्या मुलीला ठाऊक असते ती शेवटच्या दोन मिनिटांत बाकाकडे केविलवाणे पाहत नाही. पॅरिस ऑलिंपिकच्या 2024 च्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने शेवटच्या क्षणी मारलेला शॉट आत गेला, पण तिचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता, म्हणून दोनच गुण मिळाले आणि अमेरिका 67-66 अशी जिंकली. अशा घाईत रेषा पाहायला वेळ नसतो, यात तिचा दोष मी काढणार नाही. मी यातून सरावापुरता धडा घेते: तीन गुणांचा सराव रेषेला चिकटून करू नये, एक पाऊल मागून करावा, म्हणजे पायांना जागा पाठ होते आणि डोळ्यांना खाली पाहावे लागत नाही. सरावातही शेवटची पंधरा मिनिटे नुसते खेळू नका. ‘तीन गुणांनी मागे, चाळीस सेकंद शिल्लक, एक टाइमआउट’ असे ठरवून खेळा, बाकीच्या मुलींना बाजूने आरडाओरडा करू द्या, आणि हरणाऱ्या संघाला काहीतरी किंमत मोजू द्या.

झोप, पाणी आणि सामन्याआधीचे खाणे यांबद्दल तुझे प्रशिक्षक सांगतातच; मी एवढेच सांगेन की मोठ्या दिवशी नवा बूट आणि नवा प्रयोग दोन्ही टाळ. फोन आदल्या संध्याकाळी बाजूला ठेव. तुझ्याविषयी कोणी चांगले लिहिले असले तरी ते वाचून तुझा क्रॉसओव्हर (चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात झटकन नेणारा ड्रिबल) सुधारणार नाही.

एवढे सगळे करूनही तू हरू शकतेस, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. अरिके ओगुनबोवालेने 2018 मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात एक सेकंद उरले असताना, आणि दोन दिवसांनी अंतिम सामन्यात सेकंदाचा दहावा भाग उरला असताना विजयी शॉट मारले. पुढच्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात, 1.9 सेकंद शिल्लक आणि संघ दोन गुणांनी मागे असताना, तिचा पहिला फ्री थ्रो चुकला आणि तिचा नोत्र दाम विद्यापीठाचा संघ 82-81 असा हरला. त्या सामन्यात तिने 31 गुण केले होते. खेळाडू तीच होती, आणि त्या दोन सामन्यांच्या मधल्या वर्षात तिचे धैर्य संपले असे म्हणायला मी तयार नाही. 2020 मध्ये ती डब्ल्यूएनबीएमध्ये सरासरी गुणांत सर्वांत पुढे होती. म्हणून सामना संपल्यावर तू स्वतःला विचारायचा प्रश्न ‘शॉट गेला का’ हा नसावा. तो शॉट तुझ्या क्रमाने मारलास का, आणि तो घ्यायला पुढे आलीस का, हे विचार. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ येऊ लागले तर मात्र मला लगेच कळव, कारण चेंडूपासून लपू लागलेल्या खेळाडूला तिच्या एकटीच्या सरावाने बाहेर काढता येत नाही. त्यासाठी प्रशिक्षकांना आणि पॉइंट गार्डला सोबत घेऊन बोलावे लागते.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी लिहून पाठव: तू ठरवलेला फ्री थ्रोचा क्रम, शॉट न लागता करायची दोन कामे, आणि दमल्यावर मारलेल्या दोन-दोन फ्री थ्रोंची वहीतली पाने. आकडे वाईट असतील तर तेही जसेच्या तसे पाठव, सुधारून नको. ते आल्यावर चौथ्या क्वार्टरमध्ये तुझ्या संघाने चेंडू कोणत्या बाजूने तुझ्याकडे आणावा, याबद्दल मला काही सुचवायचे आहे.

तुझी,
एक प्रशिक्षिका