डीएनए दुरुस्तीवर संशोधन करायचे आहे, तर आधी डॉक्टर व्हावे का?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे, पेशी आपल्या डीएनएतील बिघाड कसे दुरुस्त करतात हे वाचल्यापासून तिला कर्करोगावर संशोधन करायचे आहे, आणि त्यासाठी आधी डॉक्टर व्हावे की थेट विज्ञानाची पदवी घ्यावी, असे आपण विचारले आहे.

दोन्ही वाटांनी तिथे पोहोचता येते. डीएनए दुरुस्तीवरील संशोधनासाठी 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी अझीझ संजार यांनी आधी काही वर्षे डॉक्टर म्हणून काम केले होते, तर पॉल मॉड्रिक हे जीवरसायनशास्त्रातून आले. रुग्णांमध्ये वावरण्याची तिला मनापासून आवड असेल, तर वैद्यकीय शिक्षण जरूर घ्यावे. परंतु संशोधनात जमले नाही तर हाताशी काही असावे, एवढ्याच हेतूने इतके दीर्घ शिक्षण घेणे मला योग्य वाटत नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तिच्या अपेक्षेचा प्रश्न. या क्षेत्रातील बरेचसे काम जिवाणू आणि यीस्ट यांच्यावर चालते, रुग्ण त्यात क्वचितच दिसतो. डीएनएची प्रत काढणारे एन्झाइम साधारण लाखभर अक्षरांमागे (म्हणजे डीएनएच्या साखळीतील रासायनिक घटकांमागे) एक चुकीचे अक्षर जोडते. त्यातील बहुतेक चुका ते स्वतःच खोडते, उरलेल्या चुका दुरुस्ती यंत्रणा हुडकते, आणि शेवटी अब्जावधी अक्षरांमध्ये एखादीच चूक शिल्लक राहते. मॉड्रिक यांनी ही यंत्रणा ई. कोलाय या जिवाणूत वर्षानुवर्षे तपासली आणि 1989 मध्ये तिचे घटक परीक्षानळीत एकत्र आणून ती चालवून दाखवली. माणसातील याच यंत्रणेच्या जनुकांमधील दोषांमुळे मोठ्या आतड्याचा एक आनुवंशिक कर्करोग होतो, हे 1993 मध्ये उघड झाले. तोवरच्या कामात कर्करोगाचे नाव फारसे नसतानाही ज्याला त्या कोड्याची गोडी वाटेल, तोच इथे टिकतो.

रोजचे काम म्हणजे यीस्टमध्ये एखादे जनुक निकामी करणे, त्या पेशींना अतिनील किरणे देऊन किती वसाहती तगल्या हे मोजणे, आणि उत्तर संशयास्पद आले की तेच सारे पुन्हा करणे. डीएनए क्रमवाचनाची माहिती संगणकावर तपासण्यात आता इतका वेळ जातो, की जीवशास्त्र घेतले म्हणून गणित सोडणारे विद्यार्थी पुढे हमखास अडखळतात. तिने गणित सोडू नये, आणि रसायनशास्त्र तर मुळीच सोडू नये.

पदवीनंतर पीएचडीला बहुधा चार ते सहा वर्षे लागतात, त्यापुढे पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करण्याची, काही वर्षे जातात, आणि स्वतःची प्रयोगशाळा मिळणाऱ्यांची संख्या पीएचडी करणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी असते. (बहुतेक पालक वेतनापासूनच पत्राची सुरुवात करतात, आपण तसे केले नाही, हे मला आवडले.) मात्र हे कौशल्य वाया जात नाही. डीएनए दुरुस्तीत भाग घेणाऱ्या बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या काही कर्करोगांवरील पार्प-रोधक औषधे (पार्प हे दुरुस्तीतील एन्झाइम अडवणारी) दुरुस्तीच्या अभ्यासातूनच आली, त्यामुळे औषध कंपन्या आणि जनुकीय निदान प्रयोगशाळांनाही अशी माणसे हवी असतात.

पदवीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिला दोन महिने एखाद्या यीस्टच्या प्रयोगशाळेत काम करू द्यावे. ती परतल्यावर प्रयोग यशस्वी झाला का, हे विचारू नये. फसलेला प्रयोग तिसऱ्यांदा लावताना तिला काय वाटले, ते विचारावे.