बायबलमधल्या फारशा परिचित नसलेल्या कोणत्या व्यक्तीकडून निष्ठा शिकता येते?

बर्जिल्लय. गिलाद प्रांतातल्या रोगलीम गावचा ऐंशी वर्षांचा म्हातारा. मोशे, दावीद, पौल ही नेहमीची नावं सोडून कोणाचं नाव घ्याल, असं तुम्ही विचारलंय. मला सर्वांत आधी हाच आठवतो. दाविदाच्या गोष्टीत तो जेमतेम दोनदा येतो आणि दोन्ही वेळा स्वतःसाठी काही मागत नाही.

प्रसंग असा आहे. दाविदाचा मुलगा अबशालोम बंड करतो. राजा डोकं झाकून, अनवाणी, रडत यरुशलेम सोडतो. त्याचा सर्वांत हुशार सल्लागार अहीथोफेल मुलाला जाऊन मिळालेला असतो. वाटेत शिमी नावाचा माणूस त्याला दगड मारतो, शिव्याशाप देतो. यार्देन नदीपलीकडे महनाइमला राजा कसाबसा पोचतो, तर मागोमाग अबशालोमची फौजही नदी ओलांडून गिलादात तळ ठोकते. अशा वेळी तिघे जण दाविदाकडे येतात: अम्मोनी लोकांतला शोबी, लो-दबारचा माखीर आणि आमचा बर्जिल्लय.

ते काय घेऊन आले, ती यादी बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाच्या १७व्या अध्यायाच्या शेवटी आहे. अंथरुणं, मातीची भांडी, गहू, जव, पीठ, भाजलेलं धान्य, कडधान्यं, मसूर, मध, दही, मेंढरं, पनीर. मला ही यादी फार आवडते. सुरुवातच अंथरुणांनी होते, म्हणजे दिवसभर चालून आलेली माणसं रात्री निजणार कुठे, याचा कोणीतरी आधी विचार केलेला आहे. लोक रानात भुकेले, थकलेले, तान्हेले असतील असं त्यांच्या मनात आलं, एवढंच कारण बायबल देतं. दाविदाने निरोप धाडल्याचा उल्लेख नाही. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आपलं माणूस ॲडमिट असलं की ‘काही लागलं तर सांग हां’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण न विचारता चटई, चादर आणि पेजेचा डबा घेऊन येणारा एखादाच असतो, आणि तो जन्मभर लक्षात राहतो. बर्जिल्लय त्या जातीचा.

तो श्रीमंत होता, त्याला काय कमी, असं कोणी म्हणेल. मला उलट वाटतं. गमावण्यासारखं त्याच्याकडेच सर्वांत जास्त होतं. त्या काळी राजाच्या एका शब्दावर जमिनी हातच्या जात. याच गोष्टीत सीबा नावाचा नोकर लादलेली गाढवं घेऊन राजासमोर येतो, धन्याविरुद्ध चार शब्द सांगतो आणि धन्याची सगळी मालमत्ता तिथल्या तिथे स्वतःच्या नावावर करून घेतो. अबशालोम जिंकला असता तर बर्जिल्लयाच्या शेताचं आणि कुटुंबाचं काय झालं असतं, हे त्या वयाच्या माणसाला कोणी समजवायला नको होतं.

आमच्या गोव्यात निष्ठेची गोष्ट निघाली की शपथेवर येते. २०२२च्या विधानसभा निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या ११ आमदारांपैकी ८ जण सत्ताधारी पक्षात गेले. मतदार म्हणून मला त्याचं मनापासून दुःख झालं. एका पक्षावर बोट ठेवायला मी हे सांगत नाही, पक्षांतराचा रोग इथे जुना आहे. पण तेव्हापासून बर्जिल्लयाची गोष्ट वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: त्याने कुठेही शपथ घेतल्याचं लिहिलेलं नाही. त्याने धान्य आणलं.

आता दुसरा प्रसंग, १९वा अध्याय. अबशालोम मारला गेलाय, दावीद परत निघालाय. नदीवर स्वागताला सर्वांत आधी धावत कोण येतं? तोच दगड मारणारा शिमी, बन्यामिनी वंशातली हजार माणसं घेऊन. बर्जिल्लयही येतो, राजाला नदीपार पोचवायला. दावीद म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमला चल, मी तुला सांभाळीन. म्हातारा नाही म्हणतो. आज मी ऐंशी वर्षांचा, खाल्ल्या-प्यायल्याची चव मला कळत नाही, गाणारे-गाणाऱ्या ऐकू येत नाहीत, तुमच्यावर भार कशाला होऊ? मला माझ्या गावात, आईबापांच्या थडग्यापाशी मरू द्या. त्याऐवजी तो किम्हाम नावाच्या तरुणाला पुढे करतो आणि त्याचं तुम्हाला बरं वाटेल ते करा, एवढंच सांगतो.

म्हणजे शेवटी मुलाची सोय लावलीच ना? किम्हाम त्याचा मुलगा, असंच बहुतेक वाचक धरतात, आणि हा प्रश्न रास्त आहे. मी त्याकडे असं पाहतो: राजाने स्वतः देऊ केलं तेव्हा त्याने आपली जागा तरुणाला दिली. पद सांगितलं नाही, जमीन सांगितली नाही. उपकार करणाऱ्याने समोरच्याला परतफेडीची संधीच न देणं, हाही एक ताठा असतो. तो ताठा बर्जिल्लयात नाही. आणि दरबारात आपला उपयोग किती, हे ऐंशीव्या वर्षी इतक्या शांतपणे सांगता येणं मला त्या मेंढरा-धान्यापेक्षाही अवघड वाटतं.

वाचायचं असेल तर २ शमुवेल १५ ते १९ हे अध्याय एका बैठकीत वाचा. तुकड्यांनी वाचलं तर कोण कुठल्या दिवशी कुठे उभा होता, ते निसटतं. मग १ राजेचा दुसरा अध्याय उघडा. मरणाच्या दारात असलेला दावीद आपल्या मुलाला, शलमोनाला, बजावतो की बर्जिल्लयाच्या मुलांना तुझ्या पंक्तीला जेवू घाल. लगेच पुढच्या ओळीत शिमीचा हिशेब आहे, तोही वाचा. आणि एज्राच्या दुसऱ्या अध्यायात, बाबेलहून परतलेल्यांच्या यादीत, एक याजक घराणं भेटेल. त्यांच्या पूर्वजाने बर्जिल्लयाच्या एका लेकीशी लग्न केलं होतं आणि सासऱ्याचं नाव लावलं होतं.